नोराबाईंची पश्चिमेकडची खोली

आयर्लंड मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या एका शेतघरात मला अंधारात नेऊन सोडलं, तर मी कुठेही न धडपडता चुलीपर्यंत जाईन, डाव्या हाताच्या फळीवरून चहाचा डबा काढीन, आणि पश्चिमेकडच्या खोलीच्या बुटक्या दारात वेळेवर वाकेन. ही विद्या मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मिळाली. शिकवणाऱ्या होत्या आमच्या अ‍ॅडमिनच्या नोराबाई. ऑफिसात त्यांना सगळे 'मिस नोरा' म्हणत. 'नोराबाई' हे आम्हा दोन-तीन मराठी माणसांनी केलेलं बारसं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई म्हणजे काय?" मी म्हटलं, "मान देण्यासाठी लावतात." त्यावर म्हणाल्या, "मग उशीर का केला?"

उंच, हाडापेराने मजबूत, केस स्वतःच्या हाताने कापलेले आणि ते तसे कापलेत हे लांबूनही दिसावं असे. दुबईत उभं आयुष्य काढूनही उन्हाशी त्यांचं कधी जमलं नाही. ऊन पडलं की त्या 'घाणेरडा दिवस' म्हणत, म्हणजे जवळजवळ रोजच म्हणत. वर्षाकाठी कधीतरी आभाळ भरून आलं, की सगळ्या ऑफिसला खिडकीशी बोलवायच्या. "बघा, काय सुंदर मऊ दिवस आहे." आम्ही बिचारे वसई-केरळ-मनिलाची माणसं पावसाला कंटाळून इथे आलेली, मान डोलावून परत जागेवर बसायचो.

आमची ओळख ऑफिसात झाली असं म्हणता येणार नाही. ती झाली डुकराच्या मांसापाशी. इथल्या मोठ्या सुपरमार्केटात अगदी टोकाला एक वेगळी खोली असते, बाहेर 'बिगर-मुस्लिमांसाठी' अशी पाटी. आत शिरताना भले भले जरा मान खाली घालतात. नोराबाई मात्र तिथे मालकिणीच्या थाटात उभ्या होत्या आणि विक्रेत्याला बेकन किती पातळ कापलंय म्हणून झापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू अकाउंट्समधली सबिना ना? तुम्ही हे कसं शिजवता?" मी इंद्यालचं सगळं सांगितलं, मिरच्या, लसूण, व्हिनेगर, रात्रभर मुरवणं. त्या नीट ऐकून म्हणाल्या, "आम्ही उकडतो."

"आणि मग?"

"मग खातो."

त्या दिवशी कळलं की आम्ही दोघी सिलिकॉन ओएसिसमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जुन्या गाडीतून ऑफिसला जायला लागले, आणि त्या घराचा इतिहास माझ्या मागे लागला.

घर बांधलं त्यांच्या खापरपणजोबांनी, पण दुसऱ्याच्या जमिनीवर. जमीन एका लॉर्डची. लॉर्ड लंडनला राहायचा आणि खंड वसूल करायला त्याचा कारभारी यायचा. म्हणजे कूळ आणि जमीनदार. मी म्हटलं, "हे तर आमच्याकडेही होतं." नोराबाईंना एवढा आनंद झाला की त्या आमचं वळण सोडून पुढे निघून गेल्या. घर नीटनेटकं दिसलं की कारभारी खंड वाढवायचा, म्हणून ते मुद्दाम दरिद्री दिसेल असं बांधलं होतं. उत्तरेच्या भिंतीला खिडकीच ठेवली नव्हती. कारभारी वळणावर दिसला की खापरपणजी धष्टपुष्ट कोंबड्या पलंगाखाली लपवायची आणि दोन मरतुकड्या अंगणात सोडायची.

एकदा खंड थकला आणि घर रिकामं करायला शेरिफची माणसं आली. खापरपणजी दारात उभी राहिली आणि तिने त्यांच्यावर ओटची उकळती पेज ओतली. हा प्रसंग मी असंख्य वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी ओतलेली वस्तू बदलायची. सोमवारी साधं उकळतं पाणी असे, ऑडिटच्या दिवसांत डांबर असे. एकदा व्हिसाच्या कामात फार डोकं फिरलं होतं, तेव्हा खापरपणजीने मधमाश्यांचं अख्खं पोळं फेकलं. आमचा लेबनीज मॅनेजर मीटिंगमध्ये हात वर करून म्हणायचा, "खलास, नोरा. शेरिफ पळाला. यल्ला, आता डिस्पॅचचं बोलू."

पुढे कायदा आला आणि कसणाऱ्याला हप्त्याहप्त्याने जमीन विकत घेता आली. घर अखेर घरच्यांच्या नावावर झालं. मालक झाल्याच्या आनंदात पणजोबांनी पहिली गोष्ट काय केली, तर उत्तरेच्या भिंतीत खिडकी फोडली. "तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांना सर्दी आहे," नोराबाई सांगत. "पण स्वतःच्या मालकीची."

शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं आणि ती सगळी नावं त्यांनी ऑफिसला दिली होती. डिस्पॅच म्हणजे लांबशेत, स्टोअर म्हणजे दलदल, मॅनेजरची केबिन म्हणजे टेकाड. परचेस डिपार्टमेंटला त्या खडकाळी म्हणायच्या, कारण तिथे काही उगवत नाही. नवीन आलेल्या फिलिपिनो मुलीला त्यांनी फाइल देऊन सांगितलं होतं, "ही दलदलीत टाकून ये." पोरगी घाबरून एचआरकडे गेली. महिन्याभरात तीच नव्या माणसाला समजावताना मी ऐकली, "लांबशेतातून उजवीकडे, खडकाळीच्या समोर वॉशरूम."

पण त्या घरातलं खरं महत्त्वाचं ठिकाण म्हणजे पश्चिमेकडची खोली. चूल घराच्या मध्ये, आणि चुलीमागच्या भिंतीपलीकडे ही खोली. म्हणून ती उबदार. मुलाचं लग्न ठरलं की आईबापांनी घर त्याच्या हवाली करायचं आणि आपण पश्चिमेच्या खोलीत जायचं, अशी रीत. कागद काही का होईनात, म्हातारी माणसं पश्चिमेच्या खोलीत गेली की सगळ्या गावाला कळायचं, घर दिलं. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही.

नोराबाईंचा थोरला भाऊ डॅन. घर आणि जमीन त्याच्याकडे जाणार हे तो पाळण्यात असतानाच ठरलेलं. नोराबाईंना त्या मुलगी आहेत या कारणासाठी सुटकेस मिळाली. डॅनचं ब्रायडी नावाच्या एका मुलीवर मन होतं. ती तयार, तिच्या घरचे तयार, पण आई काही पश्चिमेच्या खोलीत जाईना. आज गुडघे दुखतायत, उद्या त्या खोलीत उंदीर आहे, परवा नाताळ आहे. असं करता करता ब्रायडीने दूध डेअरीच्या मॅनेजरशी लग्न केलं. डॅन तसाच राहिला. आई नव्वदी ओलांडून गेली, ती मोठ्या खोलीतल्या मोठ्या पलंगावरच.

हे ऐकून मी विचारलं होतं, "मग डॅननंतर घर कोणाचं?"

नोराबाईंनी करकचून ब्रेक लावला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. "हे कधीही विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. "जो जमिनीचं नाव काढतो, तो जमिनीला मुकतो. आमच्या चुलतकाकाने एकदा जेवताना विचारलं, त्याला ऑस्ट्रेलियाला जावं लागलं."

मी वसईची. आमच्याकडे वाडीचा विषय काढल्याशिवाय बारसंसुद्धा पार पडत नाही. बांध कोणी सरकवला, विहिरीवर कोणाचा हक्क, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, कोणी भराव टाकला, हे सगळं मुलं शाळेत जायच्या आधी शिकतात. आमची माणसं आधी जमिनीचं विचारतात, मग तब्येतीचं. त्यामुळे मला हे मौन म्हणजे एक प्रकारचा आजारच वाटायचा.

दर रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी यायला निघालो की डॅनचा फोन यायचा. गाडीत स्पीकर चालू असायचा. नोराबाई गाडी चालवताना एरवी सगळ्या दुबईला शिव्या घालायच्या, पण या फोनवर शाळेतल्या मुलीसारख्या बोलायच्या.

"पाऊस?"

"आहे."

"गाय?"

"व्याली."

"झोप?"

"बरी लागते. भिंत गरम असते."

"छान."

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, आणि "बरं तर" म्हणून डॅन फोन ठेवायचे. नोराबाई पुढचे दोन सिग्नल गप्प असायच्या.

त्या गप्प का असायच्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गल्फमध्ये तुम्ही कितीही वर्षं काढा, नोकरी संपली की व्हिसा संपतो. पैसेवाल्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत, आपल्यासारख्यांसाठी विमानतळ. नोराबाईंची निवृत्ती जवळ आली होती. आमच्यातला प्रत्येक जण हप्ते भरून कुठे ना कुठे, पनवेलला, कोचीला, सेबूला फ्लॅट घेऊन ठेवतो. नोराबाईंनी कुठेच काही घेतलं नव्हतं. दुसरं घर घेणं म्हणजे ते घर आपलं नाही हे कबूल करणं, आणि ते त्यांना जमलं नाही. जन्मभर एका घराच्या गोष्टी सांगणाऱ्या या बाईला त्या घरात जागा आहे की नाही हे माहीत नव्हतं. मला त्यांची फार काळजी वाटायची. मी एकदा म्हटलंही, "नोराबाई, सरळ विचारा ना." त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला." इथे या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असतो.

शेवटच्या महिन्यात त्यांनी डॅनना दुबईला बोलावलं. "सामान आवरायला मदत," असं कारण दिलं. शेजारचा पोरगा गायी बघायला तयार झाला आणि डॅन जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. आले ते लोकरीचा कोट घालून. तीच हाडं, तेच लाल हात, फक्त बोलणं नोराबाईंच्या वाट्याला गेल्यामुळे त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. नोराबाईंनी त्यांना सगळी दुबई दाखवली. जगातली सर्वांत उंच इमारत बघून डॅन म्हणाले, "हिला उबदार कसं ठेवत असतील?" वाळवंटात नेलं तर वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "हलकी जमीन आहे." बस. भावाने घराबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि बहिणीनेही काढलं नाही. दोघं मिळून आठवडाभर हवामानावर बोलले, आणि दुबईत त्या दिवसांत हवामान म्हणजे रोज तेच ऊन.

निघायच्या आदल्या रविवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. माझ्या सासूबाई तेव्हा वसईहून आमच्याकडे आल्या होत्या. सासूबाईंविषयी एवढंच सांगते की दिरांशी वाडीवरून भांडण करून त्यांनी दोन वकील थकवले आहेत. मी त्यांना सकाळीच बजावलं, "आई, ती माणसं वेगळी आहेत. घरादाराचं काही विचारू नका."

"मी कशाला विचारू? मला काय त्यांच्याकडे सोयरीक करायचीय?" सासूबाई म्हणाल्या.

जेवण छान चाललं होतं. डॅननी इंद्याल दुसऱ्यांदा घेतलं आणि बहिणीकडे पाहून म्हणाले, "आपण हे इतकी वर्षं उकडत होतो." सासूबाई खूश झाल्या. त्यांनी तिसऱ्यांदा वाढलं, आणि वाढता वाढता आपल्या इंग्रजीत चौकशी सुरू केली.

"वाइफ?"

डॅननी मान हलवली.

"सन? डॉटर?"

पुन्हा मान हलली.

"देन लँड? आफ्टर यू, हू गेट?"

माझे यजमान विल्सन एकदम पाण्याचा जग भरायला उठले. जग भरलेलाच होता. माझी मुलगी रिया पुटपुटली, "ग्रॅनी, यू कान्ट जस्ट आस्क दॅट."

"का? मी काय त्यांचं वय विचारलं?" सासूबाई म्हणाल्या.

नोराबाई ताटाकडे बघत होत्या. मानेपासून कपाळापर्यंत त्या लाल झाल्या होत्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॅननी घास संपवला, रुमालाने तोंड पुसलं. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. उलट कोणीतरी खुर्ची पुढे केल्यावर थकलेला माणूस बसतो तसे ते जरा सैलावले.

"जमीन शेजारचा पोरगा कसतोय," ते म्हणाले. "त्यालाच जाईल. कसणाऱ्याची जमीन."

"करेक्ट," सासूबाई म्हणाल्या. "अँड हाउस?"

"घर?" डॅन म्हणाले. "घराचं काय. आई गेली त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात मी पश्चिमेच्या खोलीत गेलो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं. नोराबाईंचा काटा ताटात पडला.

"तू पश्चिमेच्या खोलीत झोपतोस?"

"भिंत गरम असते."

"डॅन."

"दर रविवारी सांगत होतो. भिंत गरम असते म्हणून. बाकीचं घर मोकळं आहे. रंगही दिला." ते ताटातल्या हाडाशी खेळत म्हणाले, "तू नुसतं 'छान' म्हणायचीस. मला वाटलं तुला नको आहे. तुझं इथे सगळं आहे."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं, की त्यांच्याकडे घर द्यायचं असलं की देणारा त्या एका खोलीत जातो, आणि हे केव्हाचेच गेलेत, पण हिला कळलंच नाही. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग एवढी वर्षं फोनवर बोलले काय?"

"पावसाचं."

"अरे देवा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि ही बया नुसती 'छान' म्हणत बसली? तिला म्हणावं आता तोंडाने माग. मी साक्षीदार आहे."

मी ते भाषांतर करत होते, पण नोराबाईंनी हाताने मला थांबवलं. बहुतेक सासूबाईंच्या आवाजातूनच त्यांना समजलं. साऱ्या कारखान्यावर आवाज चढवणाऱ्या त्या बाईचा आवाज अगदी बारीक झाला.

"डॅन, घर मला देशील का?"

हे एवढे चार शब्द उच्चारायला त्यांच्या घराण्यात कोणी धजलं नव्हतं.

"रंग कोणता दिलाय ते आधी विचार," ते म्हणाले.

"कोणता?"

"हिरवा. ट्रॅक्टरच्या शेडला आणलेला उरला होता."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बैठकीच्या खोलीला? जिथे फादरना बसवतात तिथे?"

"फादरनी काही तक्रार केली नाही."

आणि मग नोराबाईंचा खरा आवाज परत आला. खापरपणजी पेजेचं भांडं घेऊन दारात उभी राहिली असेल ती अशीच. शेडचा रंग घराला देणारा माणूस जगात दुसरा नसेल, पडदे कुठे गेले, आईचं कपाट कोणाला दिलं, उत्तरेची खिडकी तरी बुजवलीस का. डॅनही बोलायला लागले. त्यांना एवढे शब्द येत होते हे कोणालाच माहीत नव्हतं. जेवण संपलं, चहा झाला, लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दोघं भांडत होते, आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावरही खालून आवाज येत राहिला.

सासूबाई ताटं गोळा करत म्हणाल्या, "आता कसं घरातल्यासारखं वाटलं."

नोराबाईंना आणि डॅनना सोडायला मी विमानतळावर गेले होते. नोराबाईंनी चाळीस अंशांच्या उन्हात थंडीचा कोट घातला होता, कारण तो बॅगेत मावेना. काउंटरवरच्या मुलीने बॅगेला बांधायची पट्टी पुढे केली आणि नाव-पत्ता लिहायला सांगितला. इथे प्रत्येक कागदावर मायदेशातला पत्ता मागतात, आणि नोराबाई तो कायम एकाच पद्धतीने लिहायच्या. आधी आपलं नाव, मग 'केअर ऑफ' करून डॅनचं नाव, मग त्या घराचं. हाताला सवय होती, त्यांनी तसंच लिहायला सुरुवात केली.

डॅन मागून वाकून बघत होते. "हे काय?" ते म्हणाले. "बॅग हरवली तर पोस्टमन कोणाला शोधत बसणार? ज्याचं घर त्याचं नाव घाल."

नोराबाईंनी हातातली पट्टी चुरगळली. मग त्यांनी मुलीकडून दुसरी पट्टी मागून घेतली. तिच्यावर फक्त आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली घराचं. दोन्हींच्या मध्ये आता काही नव्हतं. पेन नीट चालत नाही म्हणून त्या पेनला शिव्या देत होत्या आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत होत्या. त्या रडत होत्या आणि मीही रडत होते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

डॅननी बॅग उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवली. मुलीने पासपोर्ट परत दिले, "नेक्स्ट" म्हणाली. मागे मोठी रांग होती. नोराबाई हलल्या नाहीत. बॅग रबरी पडद्याआड जाईपर्यंत त्या काउंटरला हात टेकून तिच्याकडे बघत उभ्या होत्या.